आधी लाकूड सुकू द्यावे

लग्नसराई जवळ आली, की घरोघर कपाट-पलंग करविण्याची लगबग सुरू होते. वखारीतून सागवान येते आणि लगेच सुतारामागे तगादा लागतो. “दोन दिवस झाले, हा नुसता रंधाच मारीत बसला आहे!” असे उद्गार कानी पडतात. वाचकहो, त्या दोन दिवसांचे मोल काय, याचा आज विचार करू.

बडोद्याजवळचे संखेडा हे गाव, जे २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडते, लाखेने रंगविलेल्या सागवानी सामानासाठी प्रसिद्ध आहे. तेथील खरादी कारागीर खरादावर गोल पाय कातून त्यांवर लाख चढवितात. असा पाय ओल्या लाकडाचा कातला, तर सुकल्यावर तो गोल न राहता अंडाकृती होतो. कारण लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आकसत नाही. ओंडक्यावरील वर्तुळांच्या दिशेने मात्र ते गाभ्याकडून सालीकडे आकसते त्याच्या सुमारे दुप्पट आकसते. याच कारणाने ओल्या फळीचे कपाट वर्षभरात वाकते, त्याचे सांधे उघडतात आणि बोल लागतो तो सुतारास!

म्हणून फळ्या आधी सावलीत, जमिनीपासून उंच रचाव्यात. प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या पट्ट्या एकीवर एक येतील अशा ठेवाव्यात, म्हणजे वारा खेळतो. टोकांतून पाणी सर्वांत लवकर उडते व तेथेच चिरा पडतात. यास्तव टोकांना डांबर किंवा रंग लावावा. जाडीच्या इंचामागे सुमारे १ वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. हवा व लाकडाची जात यांप्रमाणे तो कमीअधिक होतो.

त्यानंतर रंधा. प्रथम एक बाजू सपाट करावयाची. दोन्ही टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून त्यांवरून नजर टाकली, की फळीतील पीळ कळतो. मग त्या बाजूशी गुण्या लावून एक कड काटकोनात आणावयाची. जाडी व रुंदी त्यानंतरच आखावयाची. हा क्रम चुकला, तर पुढील प्रत्येक माप चुकते.

हातांच्या कामातही शास्त्र असते, हे बडोद्याने फार पूर्वी ओळखले. नाशिककडील कवळाणे गावी शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली १८९० साली तेथे कलाभवन सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे सुतार समाजातील रसायनशास्त्रज्ञ होते. धंदेशिक्षण देशी भाषेत मिळावे, असा त्यांचा आग्रह होता.

तेव्हा लग्न ठरताच लाकूड घेऊन ठेवावे, आणि ते सुकलेले नसेल तर सुताराचे ऐकून थांबावे. रंधा मारण्यात गेलेले दिवसही त्याच्या मजुरीत आनंदाने धरावेत. कपाट उभे राहिल्यावर ते श्रम कोणास दिसत नाहीत. परंतु कपाट उभे राहते, ते त्यांच्याच बळावर.