अंदाधुंदीची खोटी साक्ष

आमच्या कांहीं निबंधकारांना हल्लीं एक नवें शस्त्र सांपडलें आहे. विज्ञानानेंच कार्यकारणभाव मोडीत काढला, जग म्हणजे निव्वळ अंदाधुंदी, तेव्हां कोणी कशालाच जबाबदार नाहीं, असें ते सांगतात आणि साक्षीला 'एन्ट्रॉपी' हा शब्द उभा करतात. ही साक्ष खोटी आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

साक्षीदाराची उलटतपासणी करूं. एक एकक बाजूचा चौरस घ्यावा. त्याच्या समोरासमोरच्या कडा जोडलेल्या समजाव्यात. (क्ष, य) या बिंदूस (२क्ष + य, क्ष + य) येथें न्यावें व पूर्णांक टाकून द्यावेत. आर्नोल्द यांनीं मांजराच्या चित्रानें दाखविलेलें उदाहरण तें हेंच. प्रत्येक खेपेस चौरस एका दिशेस २.६१८ पट ताणला जातो व दुसऱ्या दिशेस तितकाच आक्रसतो. अपास्तीय गतीचा गाभा हाच. क्षेत्रफळ मात्र अविकारी राहतें. या नियमांत दैवाला तिळमात्र वाव नाहीं. तरीही आरंभींची दशलक्षांशाची चूक पंधरा खेपांत सारा चौरस व्यापते.

येथें प्रतिपक्ष टाळ्या पिटील. त्यानें जरा थांबावें. कोल्मोगोरोव्ह यांनीं १९५८ त व सिनाई यांनीं १९५९ त केलेल्या व्याख्येप्रमाणें या गतीची एन्ट्रॉपी २.६१८ चा नैसर्गिक लॉगॅरिथम, म्हणजे सुमारें ०.९६२ आहे. अंदाधुंदीला असा नेमका आंकडा असतो काय? शिवाय, जवळजवळ कोठूनही निघालें तरी दीर्घकाळांत बिंदु प्रत्येक भागांत त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणांतच वेळ घालवितो.

एक आक्षेप मात्र विचारार्ह आहे. अविकारी मापें अगणित असतात. जेथें क्षेत्रफळच टिकत नाहीं, तेथें कोणतें माप मानावें? याचें उत्तर १९७० नंतरच्या दशकांत सिनाई, रुएल व बोवेन यांनीं अपास्तीय गतींपुरतें दिलें: सहज निवडलेल्या आरंभबिंदूंच्या दीर्घकालीन सरासऱ्या जें माप दाखवितात, तें.

भाकीत खुंटलें म्हणजे नियम संपला, हें समीकरणच चुकीचें आहे. पाऊस नेमका कोणत्या दिवशीं कोसळेल हें सांगतां येत नाहीं, म्हणून धरणाचा सांडवा किती रुंद ठेवावा हें ठरविणाऱ्याची जबाबदारी टळत नाहीं. उलट ती वाढते. ज्यांना हात झटकावयाचे असतील त्यांनीं ते खुशाल झटकावेत. आपल्या आळसाला विज्ञानाचें नांव मात्र देऊं नये.