रेडिओचं लायसन आणि आपलं काम

आज पिकाचं नाही, रेडिओचं लिहितोय. जरा लांब आहे, पण पाणी धरून बसल्यावर वाचा.

माझ्या लहानपणी घरात रेडिओ ठेवायलासुद्धा लायसन लागायचं. वडील दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे. ऐकायचं ते लायसन १९८०च्या दशकात गेलं. बोलायचं मात्र अजून आहे, आणि त्याचं नूतनीकरण हा केंद्र चालवणाऱ्यांच्या डोक्याला ताप आहे.

आपल्या बारामतीत दोन केंद्रं. विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी ९०.४ वर आणि शारदानगरच्या केव्हीकेची शारदा कृषी वाहिनी ९०.८ वर. अशा केंद्रांना सामुदायिक रेडिओ म्हणतात. सुप्रीम कोर्टानं १९९५ ला सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००६ च्या धोरणात केव्हीके आणि संस्थांना परवानगी मिळाली, ती ५ वर्षांची. २०२४ पासून पहिली परवानगी १० वर्षांची झाली. हे चांगलंच झालं.

पण कागद बघा. परवानगी माहिती व प्रसारण खात्याची. लहरींचं लायसन दूरसंचार खात्याचं, त्याची दरवर्षी वेगळी फी. २०१२ ला ही फी १९,७०० वरून एकदम ९१,००० केली होती. देशभरातल्या केंद्रांनी आरडाओरडा केला तेव्हा ती वाढ मागं घेतली. गावातल्या केंद्रावर दोन-चार पोरंपोरी काम करतात. त्यांनी शेतकऱ्याच्या बांधावर जायचं का दिल्लीच्या फायली सांभाळायच्या?

लायसनच नको, असं मी म्हणत नाही. उलट लायसन आहे म्हणून रेडिओवर भरवसा आहे. यूट्यूबवर कोणीही येतो, डाळिंबाच्या तेल्यावर काहीही फवारायला सांगतो आणि बाग बसली की गायब होतो. रेडिओ केंद्राला नाव-पत्ता असतो, कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं. चुकीचा डोस सांगितला तर जाऊन विचारता येतं. "मोबाईल असताना रेडिओ कशाला?" म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे.

माझं भांडण नूतनीकरणाच्या मापाशी आहे. फी भरली का, फॉर्म बरोबर का, एवढंच बघून भागत नाही. ऐकणाऱ्याला कोण विचारतं? लहरी जनतेच्या, तर केंद्राच्या हद्दीतल्या चार-सहा ग्रामसभांचं म्हणणं फाईलला जोडा. निम्मे कार्यक्रम स्थानिक हवेत असा नियम आहे, ते खरंच स्थानिक आहेत का हे गावालाच कळतं.

दुसरं, बातम्यांची बंदी. आकाशवाणीच्याच बातम्या लावायच्या, स्वतःच्या नाहीत. मग नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन का लांबलं यावर शेतकरी आणि अधिकारी समोरासमोर बसवले की ती चालू घडामोड होते. आमच्या जगण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच, आणि तीच बोलायची नाही. पेपरला चालतं, मग रेडिओला का नाही?

तिसरं, ताकद. साधारण १०० वॅट. दहा-बारा किलोमीटर गेलं की खरखर. बारामती ते इंदापूर पन्नासेक किलोमीटर. निमगाव केतकीच्या डाळिंबवाल्यानं ऐकायचं काय? खास बाब म्हणून २५० वॅटची तरतूद आहे. आमचा तालुका खास धरा की.

आता आपल्यावर येतो. १९५६ ला पुण्याभोवतालच्या ५ जिल्ह्यांत १५० गावांत रेडिओ मंडळं काढली होती. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, चर्चा करायचे आणि आकाशवाणीला उलट कळवायचे. आपले आजे-वडील कमी शिकलेले, पण उत्तर द्यायचे. आपण फक्त फॉरवर्ड करतो. उद्या केंद्र बंद पडलं तर आपण हळहळणार, पण ते चालू असताना एक पत्र पाठवलेलं नसतं. त्या फायलीत आपलं एकही पत्र नसेल, तर सरकारला एकट्याला दोष देऊ नका.

तुमच्या शिवारात कुठलं केंद्र स्पष्ट लागतं, ते गावाच्या नावासह खाली लिहा. यादी झाली की मी स्वतः नेऊन देतो. पटलं नाही तर तेही लिहा.