सी. सी. म्हणजे काय ?

घरांत मोटार घ्यावयाचें ठरलें म्हणजे छापील पत्रकें येऊं लागतात, आणि त्यांतील ‘११९७ सी. सी.’, ‘१४९७ सी. सी.’ या आंकड्यांवर वाद रंगतो. मोठा आंकडा ती दमदार गाडी, असा सरसकट समज आहे. तो अर्धाच खरा आहे. आणि या अर्ध्या सत्यापायीं घरचे पैसे विनाकारण जाऊं शकतात, म्हणून या महिन्यांत हाच विषय घेतला आहे.

सी. सी. म्हणजे घन सेंटिमीटर. इंजिनांत नळकांडीं, म्हणजे सिलिंडर, असतात व प्रत्येकांत एक दट्ट्या खालींवर होतो. सायकलींत हवा भरण्याचा पंप ज्यांनीं चालविला आहे त्यांस हें सहज उमजेल. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जातांना दट्ट्या जेवढी जागा मोकळी करतो, तिची सर्व नळकांड्यांची मिळून होणारी बेरीज तें इंजिनाचें आकारमान. ही जागा पेट्रोलनें भरते असें मात्र समजूं नये. तींत शिरते ती मुख्यतः हवा. एक भाग पेट्रोल पुरतें जाळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. तेव्हां सी. सी. हें इंजिनाच्या श्वासाचें माप आहे.

१९८३ सालीं रस्त्यावर आलेली मारुती ८०० घ्या. नळकांडीं तीन, प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर, दट्ट्याची धांव ७२ मिलिमीटर. वर्तुळाचें क्षेत्रफळ काढून धांवेनें गुणावें व तिप्पट करावी. ७९६ घन सेंटिमीटर येतात. (‘८००’ हें केवळ सोयीचें नांव !) घरांतील शाळकरी मुलांकडून हा हिशेब अवश्य करवावा, भूमिति इतकी उपयोगी त्यांस क्वचितच दिसते.

परंतु श्वास केवढा, इतक्यानें बळ ठरत नाहीं. हवा किती कोंबली जाते हेंही पहावें लागतें. टर्बो नांवाचा पंखा बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोतावर फिरून हवा दाबून आंत भरतो. ह्युंदाईच्या वेन्यू गाडीचींच दोन इंजिनें पहा. साधें ११९७ सी. सी. चें इंजिन सुमारें ८३ अश्वशक्तीचें. टर्बोचें अवघें ९९८ सी. सी. चें, पण १२० अश्वशक्तीचें ! शिवाय पहिल्याचा फिरविण्याचा कमाल जोर ११४ न्यूटन-मीटर, तोही मिनिटास ४००० फेऱ्यांच्या सुमारास. दुसऱ्याचा १७२, आणि तो १५०० फेऱ्यांपासूनच मिळतो. पांच माणसें व सामान घेऊन खंबाटकीचा घाट चढतांना हा फरक चांगलाच जाणवतो. टर्बोची गाडी मूळ किंमतीला महाग असते, हेंही खरें.

मग ११९७, ११९९ असे चमत्कारिक आंकडे कां ? उत्तर यंत्रशास्त्रांत नसून करांत आहे. पेट्रोलची गाडी १२०० सी. सी. च्या व चार मीटर लांबीच्या आंत असली तर २२ सप्टेंबर २०२५ पासून तिजवर १८ टक्के वस्तु-सेवा कर आहे; ती मर्यादा ओलांडली कीं ४० टक्के. डिझेलला १५०० सी. सी. ची मुभा आहे. तृतीय पक्षाच्या विम्याचा हप्ताही १००० व १५०० सी. सी. या टप्प्यांवर वाढतो. म्हणजे हा आंकडा गाडीच्या दमापेक्षां खर्चाविषयीं अधिक नेमकें सांगतो. विक्रेत्यास विचारावयाचें तें हें, कीं कमाल जोर किती, व तो किती फेऱ्यांवर मिळतो. आणि गाडी चालवून पाहतांना घरची मंडळी सोबत बसवावी, एकट्यानें जाऊं नये.

विजेच्या मोटारीस नळकांडेंच नसतें. तिचा विमा किलोवॅटवर आकारतात.