जाहीर आवाहन : छातीतली कळ अंगावर काढू नका



छातीत अचानक दुखू लागलं की आपल्याकडे ओवा चावला जातो, सोडा घेतला जातो आणि 'पित्त असेल, सकाळी बघू' म्हणत रात्र काढली जाते. तेवढ्या वेळात हृदयाच्या धमनीत काय घडत असतं, ते कृपया समजून घ्या.

धमनीच्या आतल्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो. एके दिवशी त्याला चीर पडते. शरीराच्या लेखी ती जखमच, म्हणून प्लेटलेट्स तिथे चिकटतात आणि रक्त गोठवणारी विकरं एकामागून एक कामाला लागतात. त्यातूनच थ्रॉम्बिन तयार होतं. हे विकर रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनवतं, आणखी प्लेटलेट्सना चेतवतं आणि नवं थ्रॉम्बिन बनण्याचा वेगही वाढवतं. पाठोपाठ रक्तातला घटक १३ हे धागे एकमेकांना पक्के सांधतो. बोट कापल्यावर रक्तस्राव थांबवणारी ही यंत्रणा इथे हृदयाचाच रक्तपुरवठा तोडते.

ताजी गुठळी औषधाने विरघळू शकते. जितका उशीर, तितकी ती चिवट होते आणि हृदयाचा स्नायू मरत जातो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' या अभ्यासात १७ हजारांहून अधिक रुग्ण होते. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज आणि अ‍ॅस्पिरिन ही दोन्ही औषधं मिळालेल्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू, दोन्ही न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाले. उपचार आहेत, रुग्णाने वेळेत पोहोचायला हवं.

म्हणून आमची कळकळीची विनंती :

१. छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप यांपैकी काहीही जाणवलं, तर लगेच १०८ ला फोन करा. रुग्णाला चालवू नका, गाडी चालवू देऊ नका.

२. मधुमेहींना आणि स्त्रियांना कधी कधी छातीत न दुखता नुसती मळमळ किंवा धाप लागते. घरातल्या बाईने 'बरं वाटत नाही' म्हटलं, तर स्वयंपाक उरकण्याची वाट पाहू नका.

३. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मेंदूत रक्तस्रावही झालेला असू शकतो, म्हणून सीटी स्कॅनआधी घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

४. स्टेंट बसवलेल्यांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. दात काढायचा असला, तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

५. तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडा. रक्तदाब आणि साखर नियमित तपासा.

जवळ चोवीस तास ईसीजी कुठे निघतो, याची चौकशी आजच करा आणि तो पत्ता घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. दुखणं पित्ताचं निघालं, तर आनंदाने घरी परता. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.