पोच घेतली का?



मागच्या आठवड्यात खतासाठी तालुक्याला गेलो होतो. एस.टी. स्टँडसमोरच्या सेवा केंद्रात दहा-बारा पोरं-पोरी ताटकळत बसलेली. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख, आणि विद्यापीठाचं संकेतस्थळ सकाळपासून उघडेना. एक मुलगी घरी फोनवर सांगत होती, "बाबा, अजून झालं नाही." पलीकडून आवाज आला तो मलाही ऐकू आला, "तुलाच येत नसंल!" पोरीचा चेहरा एवढासा झाला.

मंडळी, हे आपलं चुकतं. बाजार समितीच्या एका फाटकातून एकाच सकाळी हजार गाड्या घुसायला लागल्या तर काय होईल? संकेतस्थळाचं तेच होतं. फाटक अरुंद ठेवलं विद्यापीठानं, आणि बोलणी खातंय आपलं लेकरू.

मोठ्या विद्यापीठांचीही ही गत होते. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं सगळ्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरवलं. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका, आणि तयारी अपुरी. कायद्यानं निकाल उशिरात उशिरा ४५ दिवसांत लागायला हवा. कुलपती म्हणजे राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली पोरंसुद्धा याच विद्यापीठाची. पुढच्या प्रवेशाची दारं बंद होत चालली आणि हातात गुणपत्रिका नाही! शेवटी ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. पण ज्यांची संधी गेली, त्यांना त्याचं काय?

पोरं आता आपला संताप मोबाईलवर लिहितात. लिहू द्या, मन मोकळं होतं, आणि आपण एकटेच अडकलो नाही हेही कळतं. पण त्या लिहिण्याला आवक क्रमांक मिळत नाही. उद्या कुणी विचारलं, "वेळेत का आला नाहीस?" तर दाखवायला कागद लागतो.

म्हणून पान उघडत नसेल तेव्हाच त्याचा फोटो घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. त्याच दिवशी प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा, विद्यापीठाला ई-मेल करा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्या. कारकून "राहू दे रे" म्हणेल. तुम्ही राहू देऊ नका. पोराला संकोच वाटत असेल तर बापानं, नाहीतर आईनं सोबत जावं. सोसायटीत कर्ज भरल्याची पावती आपण सोडतो का?

खात्यातून पैसे गेले आणि पावती निघाली नाही, तर घाईनं पुन्हा भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून घ्या, पैसे जमा झाले का ते आधी पाहा. आणि अर्जाला महिना-महिना उत्तरच आलं नाही, तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या शुल्कात विचारा, 'माझ्या अर्जावर काय केलं?' ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं. तिनं तिथंच कागद मागून अर्ज लिहिला, कॉलेजात जाऊन शिक्का घेऊन आली. फॉर्म गेला रात्री साडेअकराला. शेवटची गाडी कधीच सुटलेली, म्हणून मुक्काम मावशीकडे. बाप सकाळी मोटरसायकल घेऊन न्यायला आला, तेव्हा तो शिक्क्याचा कागद तिनं आधी त्याच्या हातात दिला.