पायऱ्या मोजून घ्या

गिरगाव, परळ, लालबागच्या कित्येक जुन्या चाळींत अजून लाकडी जिने आहेत. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या ‘अ’ वर्गात मोडतात. अशा इमारतीत जिन्याची दुरुस्ती निघाली की आपण खर्च विचारतो, लाकूड कोणते ते विचारतो. माप मात्र क्वचितच विचारतो.

जिन्याच्या दोन्ही बाजूंना जाड तिरक्या फळ्या असतात. त्यांना करवतीच्या दातांसारख्या खाचा पाडून वर पायऱ्या बसवतात. त्यासाठी सुतार आधी खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंतची उंची मोजतो. समजा, ती साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच भरली. तिला १८ ने भागले की प्रत्येक पायरी ७ इंच उंच येते. पाऊल टेकायला ११ इंच दिले, की गुण्या लावून फळीवर खुणा करायच्या. दहावीच्या मुलांना हेच गणित घाला: ७ आणि ११ बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण सुमारे १३, मग १८ खाचांची फळी किती लांब हवी? साधारण साडेएकोणीस फूट!

चूक होते ती तळाशी. पायरीची फळी १ इंच जाड असेल, तर ती बसल्यावर पहिली पायरी ८ इंच होते आणि सर्वांत वरची ६ इंच उरते. म्हणून जाणता सुतार तिरक्या फळीचा तळ तेवढाच १ इंच कापतो. खाचेचा कोपराही तो पटाशीने साफ करतो. करवत खुणेपुढे गेली तर भार पेलणारी फळी तिथेच कमजोर होते.

चाळीच्या जिन्याला जागा कमी, म्हणून तो उभा असतो. त्याची सवय होते. पण वेगळ्या उंचीच्या एकाच पायरीची सवय होत नाही. दोन-तीन पायऱ्या चढल्या की पाय उंची ओळखतो आणि पुढे न बघता पडतो. तरावीहहून परतणारे दादाजान किंवा कडेवर बाळ घेतलेली सून नेमकी तिथेच अडखळते. वरच्या गॅलरीत जुन्या लादीवर नवी लादी बसवली, तरी शेवटची पायरी बदलते.

तेव्हा कंत्राटदाराचे पैसे चुकते करण्याआधी टेप घ्या आणि खालपासून वरपर्यंत प्रत्येक पायरी मोजा. अर्ध्या इंचाचा फरक दिसला तरी काम पुन्हा करून घ्या. हाड मोडल्यावर होणाऱ्या खर्चापुढे ही मजुरी काहीच नाही.