कमरेला पिस्तूल म्हणजे पात्रता नव्हे

विमानतळाच्या दारात अंगरक्षकाचे पिस्तूल काढून घेतले गेले की, आपल्याकडच्या अनेक मान्यवरांना तो स्वतःचा मानभंग वाटतो. 'माझा रक्षक पोलीस आहे, शस्त्र सरकारी आहे, मग अडवणूक कशासाठी?' हा प्रश्न ते मोठ्या आवाजात विचारतात. प्रश्न विचारणाऱ्याचे पद जितके मोठे, तितकी उत्तर देणाऱ्या जवानाची पंचाईत अधिक. वास्तविक त्या जवानाने खाली मान घालण्याचे काहीच कारण नाही. तो जे करीत आहे ते विमानातील दीड-दोनशे अनोळखी नागरिकांच्या वतीने करीत आहे.

आपल्या देशातील व्यवस्था या बाबतीत कडक आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. एसपीजीसारखा अगदी मोजका अपवाद आणि शासनानेच विमानात बसवलेले 'स्काय मार्शल' सोडले, तर प्रवासी कक्षात शस्त्र नेण्याची मुभा कोणालाही नाही. अंगरक्षकाचे पिस्तूल रिकामे करून, काडतुसे वेगळी करून, प्रवाशांचा हात पोहोचणार नाही अशा सामानकक्षात जाते. २०१९च्या कायदादुरुस्तीनंतर एसपीजीचे कवच मुख्यत्वे पंतप्रधानांपुरतेच उरले असल्याने तोही अपवाद आता जवळजवळ कागदावरचाच आहे.

या नियमाविरुद्ध एक युक्तिवाद हमखास केला जातो आणि तो आपल्या घराघरांतही ऐकू येतो. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून निघालेल्या आयसी ८१४ विमानात एखादा सशस्त्र पोलीस असता, तर कंदाहारची नामुष्की टळली असती, असा तो युक्तिवाद. ऐकायला तो वीरश्रीयुक्त वाटतो. पण अपहरणकर्ते पाच होते, विमानभर पसरलेले होते, आणि त्यांच्यामध्ये दीडशेहून अधिक स्त्री-पुरुष व मुले पट्टे बांधून बसलेली होती. अशा ठिकाणी विमानातील लढाईचे शिक्षण नसलेल्या एकट्या अंगरक्षकाने पिस्तूल उपसले असते, तर बहुधा अपहरणकर्त्यांच्या हाती आणखी एक पिस्तूल गेले असते. त्या दिवशी उणीव होती ती अमृतसरच्या धावपट्टीवर विमान उभे असताना झटपट निर्णय घेण्याची आणि एनएसजीचे पथक वेळेत तेथे पोहोचवण्याची. तेव्हा केंद्रात आपल्याला जवळचे वाटणारे सरकार होते, म्हणून हे सांगताना जीभ अडखळण्याचे कारण नाही. त्याच अमृतसरला एप्रिल १९९३मध्ये आयसी ४२७ विमानात शिरून एनएसजीच्या कमांडोंनी अपहरणकर्त्याचा नायनाट केला आणि सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आणले. फरक शस्त्राचा नव्हता. तेथे नेमक्या त्याच कामासाठी घडवलेली माणसे वेळेवर हजर होती.

विमानाचा कक्ष म्हणजे रस्ता नव्हे, चौकी नव्हे आणि सभामंडपही नव्हे. पोलिसाला शिकवलेले असते की, आडोसा घ्या, अंतर राखा, इशारा द्या, कुमक मागवा. दीड-पावणेदोन फुटांच्या वाटेत आडोसा कोठला? अंतर कोठले? पस्तीस हजार फुटांवर कुमक कोठून यायची? चित्रपटांत गोळीच्या एका छिद्राने विमान फुटते आणि माणसे बाहेर ओढली जातात, ते सोडून द्या. एवढ्याशा छिद्राने विमान कोसळत नाही. खरा धोका चुकलेल्या गोळीपुढे बसलेल्या प्रवाशाला आहे. त्याहून मोठा धोका असा की, गर्दीत खेटून बसलेल्या रक्षकाचे शस्त्र हिसकावले जाऊ शकते. आणखी एक गोष्ट सामान्य पोलिसाच्या लक्षात येणे कठीण. मागच्या रांगेत कोणी दारूच्या नशेत धिंगाणा घालू लागला, तर पोलिसाचा स्वभाव उठून धावण्याचा. पण तो धिंगाणा विमानात कोण सशस्त्र आहे हे हेरण्यासाठी टाकलेले आमिषही असू शकतो. अशा वेळी बसून राहण्याचे, ओळख लपवण्याचे आणि वैमानिकाच्या कक्षाचे दार हेच शेवटचे ठाणे मानण्याचे शिक्षण वेगळे घ्यावे लागते.

अमेरिकेचे उदाहरण आपल्याकडे पुष्कळदा अर्धवट दिले जाते. 'तेथे पोलीस पिस्तूल घेऊन विमानात बसतात' एवढेच सांगितले जाते. बसतात, पण कोण? तो शासकीय पोलीस खात्याचा पूर्णवेळ, शपथबद्ध अधिकारी असावा लागतो. विमानात शस्त्र हाताशी असण्याची निश्चित गरज दाखवावी लागते: कैद्याला नेणे, संरक्षित व्यक्तीसोबत असणे, उतरताच सशस्त्र कामावर रुजू होणे अशी. सशस्त्र विमानप्रवासाचा ठरवून दिलेला प्रशिक्षणवर्ग पूर्ण केलेला असावा लागतो. राज्यांच्या व शहरांच्या पोलिसांसाठी २००९ पासून खात्याने आपल्या संदेशयंत्रणेवरून आगाऊ कळवण्याची सक्ती आहे. अधिकाऱ्याने खिशातून पत्र काढून दाखवले, एवढ्यावर भागत नाही. आधीचे आठ तास मद्य वर्ज्य. शस्त्र डोक्यावरच्या फळीवर ठेवायचे नाही. मुख्य वैमानिकाला सशस्त्र व्यक्ती कोठे बसली आहे हे कळवायचे, आणि दोन सशस्त्र अधिकारी असतील तर एकमेकांना त्यांची आसने ठाऊक असायची, नाहीतर झटापटीत एक पोलीस दुसऱ्यालाच अपहरणकर्ता समजून गोळी घालील. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सतराव्या परिशिष्टातही विशेष परवानगी आणि वैमानिकाला पूर्वसूचना या अटी आहेत.

मात्र अमेरिकेचे सगळेच डोळे मिटून उचलावे असे नाही. हा वर्ग काही तासांचा, बराचसा व्याख्यानवजा आहे, त्यात कक्षातल्या गोळीबाराची कसोटी नाही. शिवाय केंद्रीय अधिकाऱ्यांना कामावर नसतानाही सशस्त्र बसण्याची सवलत आहे. आपल्याकडे अशी सवलत दिली तर पहिल्या महिन्यात तिचा लाभ कोण घेईल, हे वाचकांना सांगायला नको.

आणि उत्तम प्रशिक्षित हातही चुकतात. ७ डिसेंबर २००५ रोजी मायामी विमानतळावर अमेरिकी एअर मार्शलांनी विमानातून पळत बाहेर पडलेल्या एका मनोरुग्ण प्रवाशाला बॉम्बच्या संशयावरून ठार केले. त्याच्याजवळ बॉम्ब नव्हता. मार्च २००८मध्ये एका अमेरिकी विमानाच्या कॉकपिटमध्ये शासनानेच प्रशिक्षण देऊन सशस्त्र केलेल्या वैमानिकाचे पिस्तूल उडाले, गोळी विमानाच्या भिंतीतून पार झाली. जीवितहानी झाली नाही हे दैव. निवडून, शिकवून, पारखून घेतलेल्यांची ही कथा असेल, तर न शिकवलेल्यांवर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा?

गणवेशाच्या बळावर तर मुळीच नको. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीत उभे असताना दहशतवादी विमानतळ सुरक्षेच्या गणवेशात, सुरक्षेच्याच वाटणाऱ्या गाडीतून थेट विमानापाशी आले. प्रवाशांना वाचवताना नीरजा भनोत या आपल्या मुंबईकर कन्येने प्राण दिले. गणवेश आणि शस्त्र पाहून दार मोकळे करण्याची सवय लागली की, शत्रूला फक्त शिंप्याकडे जावे लागते.

आता आपल्या घराकडे वळू. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या पोलिसांनी दाखवलेले धैर्य निर्विवाद आहे. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी कवटाळली ती कोणत्या प्रशिक्षणवर्गात शिकून नव्हे. पण त्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीला पोलिसांच्या सरावासाठी काडतुसांचा तुटवडा असल्याची नोंद करावी लागली. हौतात्म्याचा गौरव करून सरावाची काडतुसे न देणारे शासन आपल्या शूरांचा घात करते. आणि नेमबाजी आली म्हणजे सारे आले असेही नाही. ३१ जुलै २०२३च्या पहाटे जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने आपला वरिष्ठ आणि तीन प्रवासी अशा चौघांना सरकारी बंदुकीने ठार केल्याचा आरोप आहे. ते तिन्ही प्रवासी मुसलमान होते आणि धर्म पाहून त्यांना टिपले, असाही त्याच्यावर ठपका आहे. ज्यांचे रक्षण करायचे त्यांची जात-धर्म पाहणारा हात रक्षकाचा नसतो, हे आपण इतरांच्या आधी आणि इतरांपेक्षा स्पष्टपणे म्हटले पाहिजे. गाडी निदान साखळी ओढून थांबली. विमानाला साखळी नाही. म्हणून प्रशिक्षणाइतकीच मनाची पारख, आणि तीही भरतीच्या वेळी एकदाच नव्हे, तर ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा, आवश्यक आहे.

विमान अपहरणाच्या शिक्षेचा कायदा २०१६ साली कडक झाला, बळी गेल्यास फाशीची तरतूद झाली. जो मरायलाच विमानात चढतो त्याला फाशीचे भय किती, हा प्रश्न वेगळा. शिक्षेइतका विचार रक्षकांच्या शिक्षणाचा व्हावा. स्काय मार्शल कोणत्या विमानात बसतात हे गुप्तच राहिले पाहिजे. पण त्यांनी दर किती महिन्यांनी विमानाच्या प्रतिकृतीत सराव केला, कितीजण कसोटीत मागे पडले आणि मागे पडलेल्यांना खरोखर उतरवले का, हे संसदेच्या समितीने बंद दाराआड तरी विचारावे.

दुसरी बाब राज्य शासनाच्या हातची आहे. परप्रांतात पकडलेले आरोपी घेऊन आपले हवालदार प्रवासी विमानाने येतात. निःशस्त्र येतात, हे योग्यच. परंतु आरोपीला कोणत्या आसनावर बसवावे, शौचालयात नेताना काय करावे, शेजारच्या प्रवाशाशी त्याचे बोलणे कसे तोडावे, वैमानिकाचा शब्द आपल्या साहेबाच्या शब्दाहून वर का मानावा, हे त्यांना कोणीतरी रीतसर शिकवायला हवे. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत यासाठी दोन दिवसांचा वर्ग भरवायला फार मोठी तरतूद लागत नाही. तो वर्ग पूर्ण केल्याशिवाय कोणत्याही हवालदाराच्या नावे आरोपीसह विमानाचे तिकीट निघू नये, असा आदेश गृहखात्याने काढावा. आणि तोवर विमानतळाच्या दारात पिस्तूल मागणाऱ्या जवानाला कोणा मान्यवराच्या दूरध्वनीवरून दटावले गेले, तर त्या मान्यवराचे नाव गुप्त राहू नये.